आजचा कार्बन डायऑक्साइड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या फाटकाला काळा फळा टांगलेला आहे. तालमीच्या बाहेर असतो तसा. तालमीच्या फळ्यावर कोण वारलं आणि कुणाची निवड झाली ते लिहितात. या फळ्यावर रोज सकाळी सात वाजता पांढऱ्या खडूने एकच ओळ लिहिली जाते.

"आजचा कार्बन डायऑक्साइड : आहे तेवढाच. काळजी नसावी."

खाली सही : आप्पासाहेब मगदूम, निवृत्त बॉयलर अटेंडंट, प्रथम श्रेणी.

हे आप्पा कशाने मोजतात, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. कशानेच मोजत नाहीत. सकाळी बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात बाहेर येतात, नदीच्या बाजूला तोंड करतात, दोन वेळा नाकाने हवा ओढतात आणि खडू उचलतात. "चौतीस वर्षं धूर बगितलाय. नाकाला कळतंय."

कार्बन डायऑक्साइडला वास नसतो हे मला माहीत आहे. ते मी बोलले नाही. मी बऱ्याच गोष्टी बोलत नाही.

कसबा बावड्याच्या नदीकडच्या टोकाला आमची गल्ली आहे. दोन वर्षांत दोनदा पंचगंगेचं पाणी आमच्या घरांत येऊन गेलं, त्यामुळे इथे हवामानावर प्रत्येकाचं मत आहे. पण रोज सही करून मत देणारे आप्पा एकटेच. फळ्यासमोर लोक थांबतात, वाचतात, हसतात. जाताना मात्र त्यांचे खांदे जरा सैल झालेले दिसतात. काळजी नसावी असं कुणीतरी लिहून दिलेलं सगळ्यांना हवंच असतं.

एकदा कुणीतरी त्या ओळीच्या खाली विटेच्या तुकड्याने लिहून ठेवलं, "आणि काकी कधी येणार?"

आप्पांनी ते बाहीने पुसलं. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. तसा तो फळाही काकींचाच, म्हणजे आप्पांच्या बायकोचा. काकी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर ओसरीवर मुलांची शिकवणी घ्यायच्या तेव्हाचा. दोन्ही पुरांतून तो तरंगून वाचला. दुसऱ्या पुरानंतर काकी मात्र गारगोटीला लेकीकडे गेल्या, सुजाताताईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, त्या परत आल्या नाहीत.

त्या दिवसाची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. पाणी रस्त्यावर आलं तेव्हा दुपार होती. लोक सामान बांधत होते. आप्पा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पायरीच्या वर येत न्हाई. उतरणार आपोआप." चार तास ते हेच सांगत होते. मग पाणी पायरीच्या वर आलं, उंबऱ्याच्या वर आलं, आणि आप्पा उठले ते डाळींचे डबे माडीवर न्यायला. माडीचा जिना शिडीसारखा उभा. काकींचे गुडघे गेलेले, त्यांना तो चढवेना. त्या खाली स्वयंपाकघरात उभ्या राहून डबे वर देत राहिल्या. बोट आली तेव्हा पाणी त्यांच्या खांद्याला लागलं होतं आणि हातात हरभऱ्याच्या डाळीचा डबा होता. डबा वाचला.

गारगोटीहून काकींनी फोनवर एकच अट घातली. आप्पा फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे ती अट आम्ही सर्वांनी ऐकली.

"अवो, लिहून द्या. पाणी परत येत न्हाई म्हणून लिहून द्या. उद्याच्या पहिल्या यष्टीनं येतो मी."

काकी अस्सल बावड्याच्या. इथल्या बायकांसारखं स्वतःबद्दलही 'येतो', 'जातो' असंच बोलतात. वर्गात मात्र शुद्ध बोलायच्या.

"लिहून काय द्यायचं त्यात? मी सांगतोय की."

"सांगितल्यालं चार तास ऐकलंय मी. आता लिहून."

दुसऱ्या कुणाला यातला टोमणा कळला असता. आप्पांना त्यात काम दिसलं. ते त्याच दिवशी जाऊन शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर घेऊन आले.

*

मी यात कशी अडकले ते सांगायला हवं. मी तेव्हा विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होते. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. गल्लीत मी मान खाली घालून जाते-येते, त्यामुळे मी शिष्ट आहे की मुकी आहे यावर दोन गट आहेत. आईने एकदा दळणाच्या रांगेत माझा विषय काय ते सांगून टाकलं. संध्याकाळी आप्पा दारात.

"पर्यावरण शिकतीस म्हणं?"

"हो."

"इंग्रजीतनं?"

"हो."

"मग झालं की. सही कुणाची घ्यावी तेच बघालतो."

आई आतून म्हणाली, "करेल की ती, त्यात काय?" आई माझ्या वतीने नेहमीच उदार असते.

आप्पांची योजना साधी होती. पाणी शंभर वर्षं येणार नाही हे मी शास्त्रातून काढून द्यायचं, ते स्टॅम्पपेपरवर उतरवायचं, खाली माझी सही, नावापुढे एम.एस्सी. डिग्री अजून हातात नाही असं मी म्हणाले. "मिळंल की," आप्पा म्हणाले, "पाणी यायला शंभर वर्षं हायत." तोवर तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी देव्हाऱ्याच्या वर, छताला लागून ठेवला. पाणी येणार नाही असं लिहायचा कागद त्यांनी पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवला होता, हे मी पाहिलं. बोलले नाही.

दर रविवारी पाच वाजता ओसरीवर आमची बैठक बसायची. आप्पा व्हॉट्सॲपवर आलेले कागद छापून आणायचे. मी वाचून मराठीत सांगायचं. मी आठवडाभर चालेल असं समजले होते. पाच महिने चाललं.

त्यांना पहिल्यांदा सापडला तो निसर्गाचा झोका. पृथ्वीचं हवामान आपणहून बदलत आलेलं आहे, हे मी सांगितलं. हिमयुगं येतात आणि जातात. सूर्याभोवतीची वाट थोडी लांबट होते, थोडी गोल होते. पृथ्वीचा आस कलतो, भोवऱ्यासारखा डुगडुगतो.

"डुगडुगतीया?" आप्पा पुढे सरकले. "आत्ता? आपुन बसल्यालं असताना?"

"हो, पण फार हळू. एका फेरीला हजारो वर्षं लागतात."

"मग गडबड कसली हाय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण ते जुळवेपर्यंत आप्पा फळ्यापाशी पोचले होते. दुसऱ्या दिवशी गल्लीने वाचलं : "पृथ्वी डुगडुगते. पूर्वीपासून. काळजी नसावी."

मग त्यांना झोक्यांचा नादच लागला. सूर्यावरचे डाग, समुद्राचं एका वर्षी तापणं आणि दुसऱ्या वर्षी निवणं, ज्वालामुखीच्या राखेने थंड झालेले उन्हाळे. मी प्रत्येक गोष्ट खरीच सांगत होते. आप्पा प्रत्येक खऱ्या गोष्टीतून हवं तेवढं कापून घेत होते. शेवटी त्यांचा सिद्धांत तयार झाला. झोका एका बाजूला गेला की दुसऱ्या बाजूला येतो. पाणी दोनदा लागोपाठ आलं म्हणजे झोका पार टोकाला गेला. आता तो उलटा फिरला. म्हणजे शंभर वर्षं पाणी नाही.

"शंभरच का?" मी विचारलं.

"बाँड शंभरचा हाय म्हणून."

ते विनोद करत होते की नाही हे मला आजही माहीत नाही.

*

आप्पांचा सिद्धांत गल्लीबाहेर गेला. त्याचं श्रेय संदीपला. संदीप फ्लॅट विकतो. नदीकडच्या मळीच्या शेतात, जिथे दोन्ही वेळा बोटी फिरल्या, तिथे भराव टाकून एक इमारत उभी राहत होती, आणि तिथले फ्लॅट काही केल्या जात नव्हते. संदीपने फळा वाचला आणि त्याचं डोकं चाललं. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्यांना आप्पांच्या फाटकाशी आणायचा.

"हे आमचे मगदूम काका. हवामानाचे अभ्यासक."

आप्पा पायजमा वर ओढायचे आणि सुरू करायचे. "या पावणं, बसा. मला सांगा, हवेत कार्बन डायऑक्साइड किती असतोय? दहा हजारात चार. चार वं. दहा हजार माणसांच्या जत्रेत चार पोरं शिरली तर काय जत्रा बुडतीया?"

पाहुणे हसायचे. बायका जरा जास्त लक्ष देऊन ऐकायच्या, मग नवऱ्याकडे बघायच्या. आप्पांनी या कामाचा एक पैसा घेतला नाही, हे सांगायला हवं. त्यांना फक्त ऐकणारी माणसं हवी होती. संदीपला फक्त ऐकवणारा हवा होता. एखादा माणूस स्वतःच्या बायकोला पटवू शकत नाही, पण दुसऱ्याच्या बायकोला पटवतो, हे पाहून मला गंमत वाटायची. त्यातल्या एका जोडप्याबरोबर लहान मुलगी होती. तिने मला विचारलं, "इथे नदी कुठे आहे?" मी बोटाने दाखवलं. ती म्हणाली, "एवढी जवळ?" तेव्हा मला गंमत वाटली नाही.

त्या रविवारी मी पहिल्यांदा न विचारता बोलले.

"आप्पा, चार पोरांनी जत्रा बुडत नाही. पण त्या चार पोरांकडे डॉल्बी असला तर?"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला याच्यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. गणपतीत आमच्या खिडक्यांची तावदानं किती माणसांमुळे हलतात ते सर्वांना माहीत आहे.

"बाकीची हवा उष्णता जाऊ देते," मी म्हणाले. "हे चार अडवतात. ते चार तरी आता आहेत. आपण कोळसा आणि पेट्रोल जाळायला लागलो त्याच्या आधी तीनपेक्षा कमी होते."

"तू मुकी हाईस म्हणत हुते लोक," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नेहमीचीच ओळ होती. पण 'आहे तेवढाच' यातल्या 'तेवढाच'वर खडू दोनदा फिरला होता.

याच सुमारास त्यांच्या माडीवरून दुपारी ठोकाठोकीचे आवाज यायला लागले. आईने विचारलं, तर आप्पा म्हणाले माकडं येतात, हाकलतो. त्यांच्या पायाच्या बोटांना सिमेंट लागलेलं असायचं. माकडं सिमेंट का आणतात, असं आई मला विचारायची. घराला त्यांनी पुरानंतर रंग दिला होता, पण स्वयंपाकघरातली एक भिंत तशीच सोडली होती. तिच्यावर पाण्याची मातकट रेघ होती. ती का पुसली नाही असं मी एकदा विचारलं. "पुरावा हाय," ते म्हणाले. कशाचा, ते बोलले नाहीत. रेघ आता पुन्हा गाठली जाणार नाही याचा, असं मी धरून चालले.

*

मग त्यांना तो कागद सापडला. कुणीतरी पाठवलेला, इंग्रजी, आलेखासह. मी दार उघडायच्या आत ते दारात होते.

"वाच. हितं वाच. बर्फातनं काढल्याल्या हवेचं लिवलंय."

त्यांच्या ओसरीवर जाऊन मी वाचलं. जुन्या हिमयुगांच्या शेवटी आधी तापमान वाढायला लागलं आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या मागून वाढला, असं त्यात होतं.

"म्हंजे आधी ऊन, मग वायू," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "चोर आधी, पोलीस मागनं. तुमी पोलिसालाच धरलाय की."

"हे खरं आहे," मी म्हणाले.

"खरं हाय?"

"हो. पण अर्धं."

आप्पांनी तोवर देव्हाऱ्यावरून स्टॅम्पपेपर काढलाही होता. पिशवीची गाठ सोडत ते म्हणाले, "रविवारी ती येतीया. सुजाताला घिऊन. कागद बगायला. लिही आता, अर्धं तर अर्धं."

मला सही करायची नव्हती. नाही म्हणायची मला सवयही नव्हती. त्यामुळे मी जे करता येत होतं ते केलं. उरलेलं अर्धं सांगायला लागले.

"सुरुवात झोक्याने होते. पृथ्वी जरा कलते, ऊन जरा वाढतं. तेवढ्याने हिमयुग संपत नाही, ते फार थोडं असतं. पण त्याने समुद्र तापतो. सोड्याची बाटली तापली की गॅस बाहेर येतो ना, तसा समुद्रातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. तो उष्णता अडवतो. त्याने समुद्र आणखी तापतो. मग आणखी गॅस. बर्फ वितळतो, खालची काळी जमीन उघडी पडते, ती जास्त ऊन पिते, त्याने आणखी बर्फ वितळतो. याला फीडबॅक म्हणतात. म्हणजे परिणाम फिरून कारणाला जाऊन मिळतो, आणि—"

"ओला बगॅस," आप्पा म्हणाले.

"काय?"

"ओला बगॅस गं." त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. "कारखान्यात उसाचा रस काढला की जो भुसा उरतोय, तो बगॅस. त्योच बॉयलरला जाळायचा. त्याची वाफ, वाफंवर मिल फिरती, मिलमधनं पुन्यांदा बगॅस. कळलं? आता बगॅस वला आला, की आग बसती. आग बसली की वाफ पडती. वाफ पडली की मिल दाबत न्हाई नीट. मिलनं नीट दाबलं न्हाई की बगॅस आनखी वला. त्यो परत बॉयलरला. आग आनखी बसती."

हात फिरवत ते हे सांगत होते. आमच्या प्राध्यापकांनी दोन तासिका घेतल्या होत्या, बाणांची चक्रं काढून. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

"एका सीझनला अवकाळी आलता," आप्पा पुढे म्हणाले. "बगॅसच्या ढिगावर पडला. निसर्ग. कुनाचा दोष न्हाई. दुपारी बाराला वाफ पडाय लागली. मी म्हटलं, पाऊस थांबला की येतीया आपोआप. पाऊस थांबला. वाफ काय येईना. कशी येनार? पावसानं भिजवल्यालं कवाच जळून गेलतं. आता आमचं आमीच भिजवत हुतो."

"मग काय केलं?"

"मग काय. मिल थांबवायची, कोपऱ्यात झाकून ठेवल्याला सुका बगॅस घालायचा, आग उठवायची. पन ते साहेबाला सांगाय लागतंय. मी सांगितलं न्हाई." ते थांबले. "लॉगबुकात दर तासाला दाब लिवायचा असतोय. मी लिवत गेलो, नेहमीइतका. नेहमीइतका. नेहमीइतका. चार तास."

"मग?"

"चार वाजता कारखाना बंद पडला. ते सोड. कारखाना पुन्यांदा सुरू हुतोय."

आप्पा फाटकाकडे बघत होते. फाटकावरच्या फळ्याची मागची बाजू आम्हाला दिसत होती, पुढची नाही. पुढे काय लिहिलं आहे ते दोघांनाही माहीत होतं.

"म्हंजे झोका हाय," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"पन यावेळचा बगॅस आपुन वला केलाय."

"हो. या वेळी गॅस मागून येत नाहीये. आपणच आधी सोडतोय. बाकीचं चक्र तेच. हवा तापली की पाणी जास्त धरते, मग ते कोसळतं एकदम."

"म्हंजे परत येनार."

मी मान हलवली.

आप्पांनी स्टॅम्पपेपर पिशवीत घातला आणि गाठ मारली. "जा तू घरी. आई वाट बघत आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं : "आजचा कार्बन डायऑक्साइड :" आणि पुढे काहीच नाही. तिसऱ्या दिवशीही तसंच. गल्ली अस्वस्थ झाली. दूध घालणाऱ्या मावशींनी आईला विचारलं, "काका बरं न्हाईत काय?" संदीप दोनदा येऊन फाटक हलवून गेला. माडीवरची माकडं मात्र आता सकाळपासूनच ठोकाठोकी करत होती.

*

रविवारी साडेचारला रिक्षातून काकी उतरल्या. सुजाताताई मागे, हातात एकच पिशवी. मुक्कामाचं सामान नव्हतं. काकी जाड भिंगांच्या चष्म्यातून आधी फळ्याकडे बघत्या झाल्या.

"कोलन दिऊन पुढं काय न्हाई, हे काय वाक्य झालं?"

"ये की आत," आप्पा म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. "चा टाकतो."

"आत नगं. कागद दावा. सहाची यष्टी हाय."

त्या ओसरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. तिथून स्वयंपाकघरातली ती रेघ सरळ दिसते. काकी रेघेकडे बघत होत्या आणि आप्पा काकींकडे. मला बोलावून घेतलेलं होतं, सहीसाठी. मी पेन घेऊन खांबाच्या मागे उभी होते आणि मनात इंग्रजीतून नाही म्हणण्याचा सराव करत होते. मराठीतून जमलं नसतं.

तेवढ्यात संदीप नवीन जोडपं घेऊन फाटकाशी आला. "हे आमचे मगदूम काका, हवामानाचे—"

"थांब जरा," आप्पा म्हणाले आणि काकींच्या हातात कागद दिला.

काकींना मनात वाचता येत नाही. चाळीस वर्षं वर्गात मोठ्याने वाचल्यामुळे असेल. त्यांनी चष्मा नीट केला आणि शाळेच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"मी, आप्पासाहेब मगदूम, राहणार कसबा बावडा, लिहून देतो की, पाणी परत येईल."

त्या थांबल्या. आप्पांकडे बघितलं. आप्पा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. काकींनी पुढे वाचलं.

"कधी येईल ते सांगता येत नाही. झोका आपोआप फिरेल असे मी समजत होतो. तसे नाही. तू स्वयंपाकघरात उभी होतीस तेव्हा मी चार तास नेहमीइतके आहे असे म्हणत राहिलो, ती माझी चूक आहे. याआधीही एकदा केली होती. सबब स्वयंपाकघर वर नेले आहे. जिना पाडून नवा केला आहे. पायऱ्या सहा इंचाच्या आहेत. मध्ये बसायला जागा ठेवली आहे. इथून पुढे पाणी आले तर मी आधी तुला वर नेईन. डबे नंतर."

खाली आप्पांची सही होती. प्रथम श्रेणी वगैरे काही नव्हतं. साक्षीदाराची जागा मोकळी होती.

फाटकाबाहेरचा नवरा संदीपला म्हणाला, "पाणी येईल म्हणाल्या काय त्या?" बायको तोवर स्कूटरवर जाऊन बसली होती. संदीप फळ्याकडे असा बघत होता, जणू फळ्यानेच दगा दिला.

काकींनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी काय लिवा म्हटलं हुतं?"

"ते खोटं झालं असतं."

"आनि ते कळाय तुमाला एवढी वर्षं लागली."

"हिनं शिकवलं," आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले. मी खांबाच्या आणखी मागे गेले.

"दिवस बुडायला किती हाय गं?" काकींनी सुजाताताईंना विचारलं. काकी कडक जैन आहेत. दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. आप्पांनी एकटं राहायला लागल्यापासून तो नियम सोडून दिला होता. खानावळीचा डबा साडेआठला यायचा.

"दीड तास असेल," सुजाताताई म्हणाल्या. "पण आई, एसटी."

काकी आत गेल्या. रेघेच्या भिंतीला त्यांनी अंग लागू दिलं नाही. नव्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवून बघितलं, मग दुसऱ्या. मध्ये त्या खरंच बसल्या, जरा वेळ. आम्ही खाली उभे होतो. आप्पा ओठ हलवत होते. पायऱ्या मोजत असावेत.

मग आम्ही मागोमाग वर गेलो. पत्र्याच्या छपराखाली एक छोटं स्वयंपाकघर होतं. शेगडी, दोन फळ्या, त्यावर डबे ओळीने, हरभऱ्याच्या डाळीचा सगळ्यात पुढे. ओटा नेहमीच्या ओट्यांपेक्षा ठेंगणा होता. काकी बुटक्या आहेत. खालच्या ओट्यावर त्या आयुष्यभर चवड्यांवर उभं राहून भाकऱ्या थापत आल्या होत्या. या ओट्यावर त्यांनी दोन्ही तळहात टेकले. कोपर अगदी नीट वाकले.

"माप कुठलं घेतलं?" त्यांनी विचारलं. "मी तर हितं नव्हतो."

आप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी खाली, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे हात केला.

"पानी तुज्या खांद्याला लागलंतं. रेघ हाय की अजून. तिच्यावरनं काढलं."

सुजाताताईंनी तोंड फिरवलं. काकींनी मात्र फिरवलं नाही. त्या पुष्कळ वेळ आप्पांकडे बघत होत्या, उत्तर बरोबर आलं पण रीत वेगळी आहे अशा मुलाकडे बघावं तसं.

"पीठ हाय काय घरात?" त्या म्हणाल्या.

मी खाली येऊन साक्षीदाराच्या जागेवर सही केली. नावापुढे एम.एस्सी. लिहिलं नाही. सहाची एसटी सुजाताताईंनी एकटीने पकडली. पावसाळ्याचे चार महिने दोघांनीही गारगोटीला यायचं, असं त्या जाताना ठरवून गेल्या, आणि आप्पा पहिल्यांदाच त्याला "न्हाई" म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळी मी बससाठी निघाले. फळ्यावर पांढऱ्या खडूने ओळ पूर्ण झाली होती.

"आजचा कार्बन डायऑक्साइड : थोडा वाढला. काल वर शेगडी पेटली."

त्याच्या शेजारी लाल खडूने बरोबरची खूण केलेली होती, शाळेतल्या वहीत असते तशी, मोठी आणि तिरकी.